जुनी सुपर्ब घेण्याआधी
जुनी स्कोडा सुपर्ब भुरळ घालणारच. मागच्या सीटवर पाय पसरले की निम्मा निर्णय तिथेच होतो! पण आधी गिअरबॉक्स बघ. दुसऱ्या पिढीच्या १.८ टीएसआय (पेट्रोल) ऑटोमॅटिकला ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑइलमध्ये न बुडणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडी पूर्ण तापू दे, मग ट्रॅफिकमध्ये आणि चढावर रांगवत चालव. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसले तर सरळ निघून ये. इंजिन मात्र थंड असतानाच स्वतः स्टार्ट कर, टायमिंग चेनची (इंजिनच्या आतली साखळी) खडखड तेव्हाच ऐकू येते. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर पुन्हा सकाळी जा. ऑइल किती पिते, तेही विचार. दिल्लीची डिझेल सुपर्ब स्वस्त दिसेल. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते. एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव कर.