मानधन की पगार?

ताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या झोप येत नाही म्हणून. वय ५२, एका वृद्धाश्रमाच्या संचालिका, तिथे १७ वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खरं कारण तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. मुलीच्या फीसाठी भावाकडून उसने घेतले, तेव्हा तो सहज म्हणाला, "एवढी संस्था सांभाळतेस, पगार वाढवून माग की!" त्या रात्रीपासून डोळा लागेना.

"मागायचं म्हणजे आजी-आजोबांच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं वाटतं, मॅडम."

सामाजिक संस्थांतली माणसं हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: सेवेच्या कामात चांगला पगार घेणं चूक का?

"मिळतं किती?" मी विचारलं.

"मानधन १८ हजार."

स्वतःसाठी पगार हा शब्द त्या तासाभरात ताईंच्या तोंडातून एकदाही निघाला नाही. मानधन म्हटलं की रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी हे विषय निघतच नाहीत. कायद्याला मात्र त्या शब्दाचं सोयरसुतक नाही. २० माणसं कामाला असली की संस्थेला पीएफ लागतो, यांच्याकडे २६ होती. मग पर्समधून एक छोटी वही निघाली. रिक्षा, एका आजोबांची औषधं, दिवाळीचं उटणं... सगळं पदरमोड करून केलेलं. तारखा नीट लिहिलेल्या, बेरीज कुठेच नाही. करा म्हटलं, तर वही मिटून घेतली.

ट्रस्टमध्ये पगार घेता येत नाही, हा एक समज. आयकर कायदा विश्वस्त, व्यवस्थापक आणि त्यांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त दिलेल्या मोबदल्यावर बोट ठेवतो, वाजवी मोबदल्यावर नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, तेव्हापासून कार्यकारिणी धास्तावल्या. ताईंच्या संस्थेत परदेशातून एक रुपया येत नव्हता. तरी एक विश्वस्त दर बैठकीत "वीस टक्के, वीस टक्के" करत.

पगाराबद्दलची ही भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगते. स्वतःचा पगार स्वतःच ठरवणारे, बायकोला खजिनदार करून ट्रस्टच्या गाडीतून फिरणारे संचालक मी पाहिलेत. म्हणून अपराधीपणा झटकून टाका, असं मी म्हणाले नाही. आकडा दुसऱ्यांनी ठरवू दे, आजूबाजूच्या संस्था काय देतात ते कागदावर येऊ दे, तुम्ही खोलीबाहेर असताना ठराव होऊ दे, एवढंच म्हणाले.

त्या तयार होईनात. मग मी सहज विचारलं, "तुमच्या खालोखाल कोण?"

नर्स, १६ हजार. ती गेल्याच महिन्यात सोडून गेली. २० मागत होती, तेव्हा विश्वस्त म्हणाले होते, "मॅडमच १८ घेतात, तुला २० कसे देणार?"

वाक्य सांगून संपलं आणि ताई थांबल्या. पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे गेली ती?"

तुमच्यामुळे नाही, पण तुमचा आकडा पुढे करून तिला नाही म्हणणं सोपं झालं, असं मी म्हणाले. मावश्यांचंही तेच. ताईंचे १८ हजार हे सगळ्यांच्या डोक्यावरचं छत होऊन बसलं होतं, आणि त्याला त्या इतकी वर्षं त्याग म्हणत होत्या.

दोन महिन्यांनी त्यांनी अर्ज दिला. सोबत वहीची बेरीजही जोडली, मी न सांगता. बैठकीत विषय आला तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मावश्यांबरोबर मटार सोलत बसल्या. मागितले होते ३८ हजार, मंजूर झाले ३२, इतिवृत्तात कारणांसह. मावश्यांच्या पगाराचा विषय "पुढील बैठकीत" ढकलला.

परवा फोन आला. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका त्यांनी स्वतः टाइप केली होती आणि तो विषय पहिल्या क्रमांकावर घेतला होता.

"झोप?" मी विचारलं.

"येते. काल तर रात्रपाळीच्या मावशींनी उठवलं."