‘कान ओढतोय’ लिहिलंस, ते बरोबरच लिहिलंस

पत्र : मॅडम, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. यंदा बारावी आर्ट्स झाले. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. दोन वर्षं गल्लीतल्या एका पाळणाघरात दुपारी मदतीला जाते. तिथं चौदा मुलं आहेत. मी एका वहीत लिहून ठेवते : कोण जेवलं नाही, कुणाचं अंग गरम लागलं. गेल्या महिन्यात एका दीड वर्षाच्या मुलाबद्दल ‘दोन दिवस झाले उजवा कान ओढतोय’ असं लिहिलं आणि त्याच्या आईला सांगितलं. पाळणाघरवाल्या बाई रागावल्या. म्हणाल्या, ‘तू काय डॉक्टर आहेस का? असलं लिहून ठेवलं तर उद्या आपल्यावरच येईल.’ वडील म्हणतात, लेकरं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण, पोलीस भरतीची तयारी कर. मला हेच काम आवडतं. यात पुढं काही आहे का? सोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला आहे. नाव छापू नका.

उत्तर : मुली, नाव नको म्हणालीस म्हणून नुसतं मुली म्हणते.

आधी वहीचं बोलू, पुढच्या वाटेचं त्यातूनच निघेल. तू ‘कान ओढतोय’ असं लिहिलंस. ‘कान दुखतोय’ असं लिहिलं नाहीस, ‘कानात इन्फेक्शन’ तर नाहीच. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलंस. दात येताना मूल कान ओढतं, झोप आली की ओढतं आणि कान आतून ठणकत असला तरी ओढतं. यातलं खरं कुठलं, ते डॉक्टर कानात बघून सांगतील. पण ‘दोन दिवस, उजवाच कान’ हे त्यांना सांगायला दिवसभर मुलाजवळ असणारं माणूसच लागतं. डॉक्टर नाहीस म्हणूनच लिहायचं, हे बाईंनाही पटवता येईल. त्याचं पुढं सांगते.

माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना मी तिला एका पाळणाघरात ठेवत असे. मे महिना होता. संध्याकाळी घ्यायला गेले तर मूल मलूल, ओठ कोरडे. तिथल्या ताई म्हणाल्या, ‘जरा पातळ झाली हो आज.’ तशीच दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले : जुलाब किती वेळा झाले? शेवटची शू केव्हा झाली? पाजलेलं पोटात राहतंय का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. परत फोन केला तर त्या ताईंनाही सांगता येईना. त्या वाईट नव्हत्या, माया करायच्या. पण पंधरा मुलांत कुणाची शू केव्हा झाली हे कुणाच्याच डोक्यात राहत नाही. लेक सलाइनवर बरी झाली. ते तीन प्रश्न मात्र मी विसरलेले नाही, आणि तुझ्यासारख्या मुलींना मी नोंदीचा कागद आखायला याच प्रश्नांपासून शिकवते.

तुझ्या पानावर एक ओळ आहे : ‘आज त्याला बरं नव्हतं, चिडचिड करत होता.’ ही ओळ डॉक्टरांच्या उपयोगाची नाही. तीच अशी लिहून बघ :

‘१२.४० : खिचडीचे दोन घास खाल्ले, ताट सरकवलं. १.१० : उजवा कान ओढला, दहा मिनिटांत तीनदा. १.३० : काखेत ताप १००.८. १.३५ : आईला फोन केला, साडेतीनला येते म्हणाल्या. दोनदा अर्धी वाटी पाणी प्यायला. २.१५ : शू झाली. ३.४० : आईच्या ताब्यात दिला, हे सगळं वाचून दाखवलं.’ खाली तुझी सही, आईचा अंगठा किंवा सही.

वेळ, दिसलेली गोष्ट, मोजलेला आकडा, काय केलं, कुणाला सांगितलं. मनातलं काही घालू नकोस. १००.४ फॅरनहाइट आणि त्याच्या वर गेला की ताप धरतात. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली खेळून आलेल्या मुलाचं अंग नुसत्या उन्हानंही तापलेलं असतं. म्हणून आधी सावलीत बसव, थोडं पाणी दे, थोडा वेळ जाऊ दे आणि मग थर्मामीटर लाव. हात लावून ‘गरम लागतंय’ एवढ्यावर थांबू नकोस.

श्वास मोजायलाही शीक. मूल शांत असताना झबलं वर करून पोट बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि मूल काही पिऊच शकत नसेल, पाजलेलं सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल, तर वही ठेवून दे. आधी रिक्षा, मग आईला फोन, लिहायचं दवाखान्यात पोचल्यावर.

सकाळी दारात मूल हातात घेताना तू काय विचारतेस ते पत्रात नाही. मला तर ती सगळ्यांत महत्त्वाची दोन मिनिटं वाटतात. तुझी आई विड्या वळते, म्हणजे तुला वेगळं सांगायला नको : हजार विड्यांमागे मजुरी असते, लेकराला ताप आला म्हणून घरी बसलं की त्या दिवसाचा पैसा गेला. म्हणून काही आया पहाटे तापाचं औषध पाजून मूल आणून सोडतात. दहा वाजता मूल हसतं-खेळतं असतं आणि औषधाचा अंमल उतरला की दुपारी फणफणतं. त्या आयांना खोटारड्या समजू नकोस. ‘ताप होता का?’ असं विचारलंस तर ‘नाही’च ऐकू येईल. ‘रात्री झोपलं का नीट? सकाळी काही पाजलं असेल तर वेळ सांगा, म्हणजे माझ्याकडून परत दिलं जाणार नाही,’ असं विचार. तिला समजतं की तू मूल परत पाठवायला टपलेली नाहीस, आणि ती खरं सांगते. आईची लेखी चिठ्ठी आणि डॉक्टरांचा कागद असल्याशिवाय कुठलंही औषध तुझ्या हातून जाता कामा नये, हेही तेव्हाच सांगून ठेव.

पूर्व भागातली तू, तेलुगू तुला येत असणारच. हे पत्रात लिहिलंसही नाहीस, एवढं ते तुला साधं वाटतं. दोन-अडीच वर्षांचं पोर घरच्या भाषेतच दुखणं सांगतं. ‘कडुपु नोप्पी’ म्हणजे पोट दुखतंय, हे न कळणाऱ्या बाईला ते मूल नुसतं किरकिर करणारं वाटेल. अक्कलकोटकडचं कानडी घरातलं लेकरू ‘होट्टे नोवु’ म्हणेल. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिही, शेजारी मराठीत अर्थ दे.

वजनाच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते, पण ती नीट धर. अंगणवाडीत वृद्धीआलेख, म्हणजे वयानुसार वजन भरायचा तक्ता, असतो, मुलाचा वेगळा, मुलीचा वेगळा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मापदंडांवर बेतलेला. मूल हिरव्या पट्ट्यात आहे म्हटलं की सगळे निश्चिंत होतात. तू पट्ट्याबरोबर रेषेची दिशाही बघ. हिरव्यात असूनही दोन-तीन महिने रेषा आडवी चालली असेल तर काहीतरी बिघडलंय : वारंवार जुलाब, आई पुन्हा गरोदर, घरात खायचे वांधे, काहीही. दंडाच्या घेराची टेपही वापरायला शीक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण, तिथं थांबायला वेळ नसतो. आणि दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर वजन चांगलं भरलं तरी फसू नकोस, ते सुजेचं वजन आहे.

आता अवघड भाग. अंगावरच्या खुणा. मूल पहिल्या दिवशी येईल तेव्हाच आईसमोर जन्मखुणा लिहून घे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर-काळे डाग जन्मापासून असतात. ते मार लागल्याचे वण नसतात आणि मोठेपणी बहुतेकदा जातात. आधी लिहिलेलं नसेल तर उगाच कुणावर संशय जातो. चालायला लागलेल्या मुलाच्या नडगीवर, कपाळावर टेंगूळ येतंच. कानावर, पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला वण दिसला किंवा पालथंही न पडणाऱ्या तान्ह्याच्या अंगावर दिसला, तर जागा, आकार, रंग लिही, त्याच दिवशी बाईंना सांग. मुलाला खोदून खोदून विचारू नकोस. ते आपणहून जे म्हणालं तेवढंच, जसंच्या तसं लिही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं सक्तीचं आहे, ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प बसता येत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन भिंतीवर लिहून ठेव.

बाईंशी भांडू नकोस. त्यांची भीती खरी आहे. वहीत चौदा मुलांचं एकाखाली एक लिहिलेलं आहे. उद्या एका आईनं वही मागितली तर बाकी तेरा घरांची दुखणी तिला कळतील. प्रत्येक मुलाला वेगळं पान कर, फाईल कुलपात ठेव, घरी नेऊ नकोस, आणि मुलांची नावं दिसणारे फोटो कुणाला पाठवू नकोस, मलासुद्धा नाही. (पाठवलेला फोटो मी वाचून काढून टाकला आहे.) मग बाईंना सांग : कुणी म्हणालं ‘माझ्या मुलाला तुमच्याकडे काय झालं’, तर आपल्या हातात वेळेसकट कागद असेल. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत बदलतं. महिनाभर एकाच मुलाचं करून दाखव. बहुधा ऐकतील.

वडिलांना मात्र मी थोडं ठामपणे सांगेन. ज्या कामाला ते शिक्षण मानत नाहीत, त्याच कामासाठी ताराबाई मोडक यांना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताई वाघ यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेल्या त्यांच्या कामातूनच अंगणवाडीची कल्पना रुजली. पुढे १९७५ साली सरकारनं अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना आणली.

वाटा तीन दिसतात. अंगणवाडी सेविका व्हायला महाराष्ट्रात बारावी, वय १८ ते ३५ आणि त्याच भागातला रहिवास लागतो. पण तिथं पगार नाही, मानधन असतं, हे घरी आधीच स्पष्ट सांग. पदवी घेतलीस तर मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंच्या, परीक्षेला बसता येतं आणि ती खरी नोकरी आहे. दुसरी वाट नर्सिंगची. एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसविका) दोन वर्षांचं, जीएनएम (परिचारिका आणि प्रसविका) तीन वर्षांचं, दोन्हींना आर्ट्सची मुलगी चालते. बीएस्सी नर्सिंगला मात्र विज्ञान लागतं. टक्केवारी आणि प्रवेश परीक्षेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच बघ, कुणाच्या सांगण्यावर फॉर्म भरू नकोस. अंगणवाड्यांतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टरांबरोबर नर्सही असते. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. तुझ्या नजरेची मुलगी त्या पथकात शोभेल. तिसरी वाट बालविकासाच्या शिक्षणाची : गृहविज्ञानात मानवविकास घेऊन पदवी, किंवा पाळणाघरातलं काम न सोडता इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन व शिक्षणाचा डिप्लोमा. ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, हे २०१७ साली कायद्यात आलं. अशा जागी शिकलेली माणसं लागतात.

माझं मत विचारशील तर बाहेरून बीए आणि सोबत इग्नूचा डिप्लोमा. घरावर खर्चाचा भार पडत नाही, मुख्यसेविकेची वाट मोकळी राहते आणि मुलं रोज तुझ्या नजरेसमोर राहतात. ‘अंगणवाडी बालवाडी कोर्स, हमखास नोकरी’ अशा पाट्या आपल्या शहरात जागोजागी आहेत. मान्यता कुणाची, हे लेखी मिळाल्याशिवाय रुपयाही भरू नकोस. वडिलांना एखाद्या रविवारी माझ्याकडे घेऊन ये, माग बंद असेल तेव्हा.

आणि एक. त्या पानावर कान ओढणाऱ्या मुलाच्या दोन दिवसांच्या नोंदी आहेत, आईला सांगितल्याची नोंद आहे, आणि पुढं काहीच नाही. दवाखान्यात नेलं का? काय निघालं? उद्या त्याच्या आईला विचार आणि त्याच नोंदीखाली तारीख घालून लिही.