एकाच पैशात काय घ्यावं: बारा वर्षं जुनी मोठी लक्झरी सेडान की चार वर्षं जुनी छोटी?

याच पेचात मीही होतो आणि मोहात पडून बारा वर्षांची मोठी गाडी घेतली. अडीच वर्षं सांभाळली, म्हणून लिहितोय.

गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. सगळी गोम इथे आहे. नवी असताना जी गाडी तुमच्या बजेटच्या पाचपट होती, तिचे ओरिजिनल पार्ट आजही त्या पाचपट गाडीच्याच हिशेबाने मिळतात.

एका सकाळी बघतो तर गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसलेली. चालू केली की दोन मिनिटांत सरळ व्हायची, म्हणून मी महिनाभर कानाडोळा केला. या गाडीला एअर सस्पेन्शन होतं, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे गाडी तोलतात. त्यातल्या एका फुग्याचं रबर भेगाळलं होतं. गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा धावत राहिला आणि शेवटी तोही जळला. एकाच्या जागी दोन खर्च, आणि दुसरा निव्वळ माझ्या आळसाचा. बरं, गाडी फारशी पळालेलीही नव्हती. पण रबर आणि कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) प्लास्टिक पाइप नुसत्या वयानेही कडक होतात, तडकतात. त्यामुळे ‘अहो, चाललीय किती कमी!’ या वाक्याने मी आता भुलत नाही.

चार वर्षांच्या गाडीचा मोठा खर्च गॅरेजमध्ये नाही, विकताना कळतो. सगळ्यात मोठी घसरण साधारणपणे पहिल्या तीन वर्षांत होते, म्हणजे तो फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण पुढची घसरण तुमच्या माथी. विमाही सहसा जास्त. शिवाय काचेमागे कॅमेरा असेल तर नुसती पुढची काच बदलली तरी बहुतेक वेळा कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा पुन्हा अचूक जुळवून घेणं, आलंच.

दोन्ही गाड्यांचा तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडा: खरेदीतून अंदाजे विक्री वजा करा, त्यात विमा, सर्व्हिस, दुरुस्ती मिळवा. जुन्या गाडीत दुरुस्तीचा आकडा कुणीच सांगू शकत नाही. मी तरी खरेदीच्या किमान पाव रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय तिच्या वाटेला जाणार नाही.

घरात ही एकच गाडी असेल तर डोळे झाकून चार वर्षांची घ्या. दुसरी गाडी दाराशी आहे, ओळखीचा मेकॅनिक आहे, तर जुनीची हौस करा. चालवायला ती खरोखर सुंदर असते, खोटं कशाला बोलू!

‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं’ असं मालक म्हणाला तर मान डोलवू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. पावती मागा. आणि एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर मालकाला सांगा, रात्रभर हलवू नका, मी सकाळी येतो. चालू करण्याआधी चारही चाकांची वरच्या मडगार्डपर्यंतची फट बोटांनी मोजा.