खिडक्यांचा सर्व्हर की काळ्या पडद्याचा?

प्रश्न : कार्यालयात ४० संगणक आहेत. लॉगिन आणि सामायिक फाइलींसाठी विंडोज सर्व्हर २०२२ घेतोय. पुरवठादार डेस्कटॉपशिवायची 'सर्व्हर कोअर' आवृत्ती सुचवतो, पण आमच्याकडे संगणक सांभाळणाऱ्या मुलाला माउसचीच सवय. काय घ्यावे?

उत्तर : आधी त्या सर्व्हरवर आणखी काय चालणार, ते ठरवा. हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावरच उघडायचे असेल तर डेस्कटॉपची आवृत्ती घ्या. हा निर्णय नंतर फिरवता येत नाही. २०१२ च्या आवृत्तीत डेस्कटॉप काढता-घालता येई. २०१६ पासून मात्र सर्व्हर नव्याने इन्स्टॉल करावा लागतो.

फक्त लॉगिन आणि फाइली असतील तर कोअर उत्तम. त्यात घटक कमी, म्हणून अपडेट आणि रीस्टार्टही कमी. सुरू होताच एसकॉन्फिग या सेटिंगच्या साधनाचा क्रमांकांचा मेनू येतो. नाव, आयपी पत्ता, डोमेन (एकत्र लॉगिन असलेला संगणकांचा गट) तिथेच भरा. चुकून खिडकी बंद झाली तर घाबरू नका : कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून पॉवरशेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, चालू करा.

आणि माउस सुटत नाहीच! विंडोज अ‍ॅडमिन सेंटर हे मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर सांभाळायचे साधन दुसऱ्या संगणकावर टाकले की ब्राउझरमधून सगळे दिसते. एखादे खाते शोधायला चित्रमय पडदा बरा. ४० खाती उघडायची तर एक्सेलची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी फाइल) करून पॉवरशेललाच द्यावी. धोका एवढाच, की यादीतली चूकही ४० वेळा होते. म्हणून आज्ञेला आधी 'व्हॉट-इफ' जोडून पाहा : काय होईल ते दिसते, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.