सभागृहाच्या सज्जातून

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे एडिंबरोला जाणार आहे. चर्च ऑफ स्कॉटलंडची जनरल असेंब्ली, म्हणजे वार्षिक सर्वोच्च सभा, बाहेरच्या माणसाला पाहता येते का?

उत्तर : येते. शहरातील माउंड या भागातल्या असेंब्ली हॉलमध्ये प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. मात्र मताचा अधिकार पाळक, एल्डर (मंडळीचे वडीलजन) अशा नियुक्त प्रतिनिधींनाच असतो. राजाचे प्रतिनिधी लॉर्ड हाय कमिशनरही वरच्या सज्जातच बसतात, खालच्या चर्चेत त्यांना मत नाही. आमच्या मते पहिल्या दिवसाच्या थाटापेक्षा अहवालांवरची, काहीशी रटाळ, चर्चाच ऐकावी. कारण बदलांचा खरा विचार तिथेच होतो; शिवाय १६९७च्या बॅरियर अ‍ॅक्ट या चर्चच्या नियमामुळे मोठा बदल प्रेस्बिटरींच्या (चर्चच्या प्रादेशिक मंडळांच्या) संमतीसाठी पाठवल्याशिवाय कायम होत नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन १८७०मध्ये तेथील फ्री चर्चच्या (चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून निघालेल्या चर्चच्या) अशाच सभेचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, होते.