पाच-सहाचे प्लग पांढरे? मॅनिफोल्ड उतरवा

प्रश्न : आमच्या आजोबांचा १९५१ सालचा शेवरोले ट्रक आम्ही भावंडं मिळून पुन्हा उभा करतोय. इंजिन जुनं २१६ (घन इंचांचं), सहा सिलिंडरचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळाला) टोकाशी तडा गेला होता, म्हणून जुन्या बाजारातून दुसरा आणला. इनटेक (हवा-पेट्रोलचं मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट या दोन्ही मॅनिफोल्डची तोंडं घासून घेतली, नवं पॅकिंग टाकलं, सगळे बोल्ट पान्याला पाईप लावून आवळले. तरी इंजिन थंड असताना टकटक आवाज येतो, स्लोवर थरथरतं आणि पाच-सहा नंबरचे प्लग पांढरे निघतात. कार्ब्युरेटर खोलून, साफ करून झाला. नेमकं कुठे अडलंय?
— एक वाचक, कराड

उत्तर : कार्ब्युरेटरला आता हात लावू नका. दोष तिथे असता तर तो सगळ्याच प्लगांवर दिसला असता. या इंजिनाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, इनटेकची तोंडं तीनच : एक-दोनला एक, तीन-चारला एक, पाच-सहाला एक. प्लग पांढरा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. नेमके पाच आणि सहा पांढरे पडतात, म्हणजे मागच्या तोंडापाशी बाहेरची हवा ओढली जातेय. खात्री करायची तर इंजिन स्लोवर ठेवा, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं त्या जोडाभोवती फिरवा. फुसफुस लगेच सापडते. पेट्रोल शिंपडून बघा असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. तापलेला एक्झॉस्ट तिथे बोटभर अंतरावर असतो.

माझा संशय घासकामावर आहे. हेडच्या तीनही इनटेक तोंडांत एकेक पातळ लोखंडी रिंग बसते. तिची निम्मी रुंदी हेडमध्ये, निम्मी मॅनिफोल्डमध्ये. मॅनिफोल्ड जागच्या जागी धरून ठेवणं हे तिचं काम. तोंड घासलं की मॅनिफोल्डमधली खाच तेवढी उथळ होते, रिंग तळाला टेकते आणि पॅकिंग दबायच्या आधीच मॅनिफोल्ड अडतो. मग कितीही आवळा, फट राहणारच. तीनही रिंगा काढून खाचांची खोली मोजा आणि रिंग कानशीने थोडी कमी करा. फेकून मात्र देऊ नका. रिंग नसली तर मॅनिफोल्ड वजनाने खाली सरकतो आणि पॅकिंगची कड तोंडात येते.

दुसरं म्हणजे, दोन्ही मॅनिफोल्ड वेगवेगळे घासले का? मधल्या बोल्टांखालचे जाड क्लॅम्प एका बाजूने इनटेकवर आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्टवर टेकतात. क्लॅम्प टेकतो त्या दोघांच्या कडांची (कानांची) जाडी सारखी नसली तर क्लॅम्प तिरका बसतो आणि एकालाच दाबतो. इनटेकचं हवा ओढणं आणि एक्झॉस्टच्या फटीतून येणारी टकटक दोन्ही एकाच वेळी आहेत, ती यामुळेच असावीत. म्हणून दोन्ही एकमेकांना जोडून, एकत्रच घासायचे असतात.

बसवताना इनटेक-एक्झॉस्टला जोडणारे मधले बोल्ट फक्त हाताने लावा. तसंच सगळं हेडवर चढवा, मधून टोकांकडे जात थोडं थोडं आवळा, आणि जोडणारे बोल्ट सर्वांत शेवटी घट्ट करा. हे आधी आवळले तर दोन्ही बिडं (ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड) वाकड्या अवस्थेतच अडकून बसतात. हेडवरचे मधले बोल्ट २५ ते ३० फूट-पाऊंड, टोकाचे फक्त १५ ते २०. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर कुणाकडून उसना आणा, पण पाईप लावू नका.

टोकं कमी आवळण्याला कारण आहे. अर्ध्या मीटरहून थोडं जास्त लांबीचं बीड चारशे अंशांनी तापलं की सुमारे अडीच मिलिमीटर वाढतं. हेड तेवढं तापत नाही, म्हणून तेवढं वाढतही नाही. टोकांना क्लॅम्पखाली सरकायला वाव हवा. तो पाईपने बंद केला की बीड तडकतं, आणि तुमचा पहिला मॅनिफोल्ड टोकाशीच तडकला होता, हे विसरू नका.

उतरवलाच आहे तर एक्झॉस्टमधली हीट रायझरची झडप हाताने फिरवून बघा. थंडीत इनटेक गरम करायला ती असते. गरम बाजूला अडकून राहिली तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं. रॉकेल मुरवून दांड्याच्या टोकावर हलके ठोके द्या, सुटते. मोकळी झाल्यावर ऑइल घालू नका, जळून कोळसा होतो, ग्रॅफाइट चालतं.

असे ट्रक आपल्या भागात अजून सापडतात, त्याचं एक कारण मुंबईतच आहे. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, १९५४ मध्ये तो बंद झाला. त्यामुळे तुमच्या जुन्या, तडकलेल्या मॅनिफोल्डचीही किंमत ओळखा. बिडाचं वेल्डिंग जाणणारा माणूस मिळाला, आधी तापवून, वेल्ड करून, राखेत हळूहळू निववायला तो तयार असला, तर तो तुकडा जोडून ठेवा. नवा चालू होऊन तापून निवला की बोल्ट पुन्हा एकदा त्याच मापाला तपासा.