पोटखराब्यात कोण राहतं?

प्रश्न : काका, नमस्कार. मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. सिंहस्थाची चाहूल लागल्यापासून गायरानात पार्किंग, पायथ्याला प्लॉट, असं बोलणं गावात रोज चालतं. शाळेतले गुरुजी म्हणतात, आधी गावाचा ऑनलाइन नकाशा करू. झरे, कातळ, गिधाडांचे कडे त्यात टाकू आणि मग जागा ठरवू. काही जण म्हणतात, नकाशावर दाखवलं की उलट तिथं गर्दी होईल. काय करावं?

उत्तर : ताई, गुरुजींचं बरोबर आहे आणि शंका काढणाऱ्यांचंही. पण आधी माझी एक चूक सांगतो.

मी 32 वर्षं भूकरमापक होतो. 33 फुटी साखळी ओढण्यापासून सुरुवात केली. एका एप्रिलमध्ये डोंगराखालच्या गटाची मोजणी लागली. मधोमध काळा कातळ, पाय ठेववत नव्हता, गवताची काडी नाही. मी तेवढा तुकडा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निकामी जमिनीत, दाखवला आणि पुढच्या बांधाकडे वळलो. निवृत्तीनंतर ऑगस्टअखेर नातीला घेऊन त्याच कातळावर गेलो. खळग्याखळग्यांत पाणी होतं. बोटभर मातीत सीतेची आसवं निळी-जांभळी फुलली होती, कडेला पांढरे गेंद, पलीकडे पिवळा कवला. नातीने विचारलं, एवढ्याशा मातीत हे जगतं कसं? ते मला नंतर वाचून कळलं. या मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव आपल्या इवल्या पिशव्यांत पकडून भूक भागवतात. मी त्या जागेला खराबा म्हणालो होतो. ती सल अजून जात नाही.

हे सांगायचं कारण असं, की ऑनलाइन नकाशासुद्धा नेमकी हीच चूक करतो. पावसाळ्यात ढग असतात, त्यामुळे उपग्रहाची स्वच्छ चित्रं बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातली मिळतात. त्यांत तुमचा कातळ उघडा आणि माळ करडा दिसणार. तालुक्याच्या कचेरीत बसून बघणारा म्हणेल, जागा रिकामीच आहे. म्हणून चित्रावर विसंबू नका. शिवारफेरी काढा, एकदा मेमध्ये, एकदा श्रावणात, एकदा दिवाळीनंतर. सोबत गुराखी हवेत आणि पाणी भरणाऱ्या बायका हव्यातच. कुठला झरा मेपर्यंत टिकतो ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा : गावातलं नाव, गट नंबर आणि महिना. महिना नसेल तर ती नोंद अर्धीच समजा.

साधनं फुकट मिळतात. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस, लोकांनी मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप आणि इस्रोचं उपग्रहचित्रांचं भुवन एवढ्यावर काम भागतं. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, कड्याखाली त्याहून जास्त भरकटतं. महाभूनकाशावरचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावरचा, गट उपग्रहचित्रावर ठेवलात तर ओढ्याकाठी सरकलेला दिसू शकतो. त्यावरून बांधाची भांडणं काढू नका. हद्द ठरते ती मोजणीनेच.

आता गर्दीचं. इथं मात्र मी अगदी कडक आहे. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. जोडी उडून गेली की ते वर्ष गेलं. एका कड्यावरच्या घरट्याचं लोकेशन कुणीतरी हौसेने व्हॉट्सॲपवर टाकलं. पुढच्या दोन रविवारी समोरच्या टेकाडावर कॅमेरे उभे राहिले. तिसऱ्या रविवारी मी गेलो तेव्हा कपार रिकामी होती. तेव्हा नकाशे दोन करा. गावाच्या दप्तरात ठेवायचा तो खराखुरा. ऑनलाइन दाखवायच्या नकाशात घरट्याचा ठिपका नको, अख्खा डोंगर एका रंगात भरा. लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्ट संकेतस्थळावर दुर्मीळ जातींच्या नोंदी अशाच झाकतात. ठिपका साधारण 20-22 किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दाखवतात. अंजनेरी डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदाची वनस्पती तुमच्याकडे सापडली, तर तिलाही हाच नियम लावा. कंद उपटून नेणारे नकाशे वाचतात.

पाणवठे, ओढे, गुरांच्या वाटा, देवराई मात्र उघड दाखवा, ठळक दाखवा. ती लपवली की त्यांवरूनच रस्ता जातो.

नकाशा नुसता मोबाइलमध्ये राहिला तर पार्किंगवाल्यांपुढे तो टिकणार नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. लोक जैवविविधता नोंदवही तिनेच करायची असते. तुमच्याकडे ती कपाटात कोरी पडलेली असेल तर बाहेर काढा, नकाशा तिला जोडा आणि ग्रामसभेत ठराव घ्या की विकास आराखड्यातलं कुठलंही काम सुचवताना आधी हा नकाशा समोर ठेवायचा. तुमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात, असेल तर ग्रामसभेच्या शब्दाला आणखी वजन आहे. ठरावात गट नंबर लिहा. ‘डोंगराकडची जागा’ असं लिहिलंत तर उद्या तो डोंगर कुठला यावरच वाद होईल.

प्रश्न : साहेब, माझं शेत निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्याजवळ आहे. कॉलेजची मुलं पाणथळीचा नकाशा करत फिरतात. माझा गट त्यात रंगवला तर जमीन जाईल का?

उत्तर : दादा, कुणी नकाशात रंग भरला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. बंधनं येतात ती सरकारी अधिसूचनेने. नांदूर मधमेश्वर आधीपासून अभयारण्य आहे आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण तुमची भीती मी उडवून लावणार नाही, कारण आज मुलांनी केलेला नकाशा उद्या कुणीही पुरावा म्हणून पुढे करू शकतो. म्हणून मुलांना बांधावर बोलवा, चहा पाजा आणि विचारा, माझा गट दाखवताना मला विचारलंत का? खाजगी जमीन मालकाच्या होकाराशिवाय रंगवायची नाही, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि होकार देणार असाल तर पाणी कुठवर चढतं आणि कुठल्या महिन्यात उतरतं ते तुम्हीच त्यांना दाखवा. तुमच्या विहिरीची पातळी त्याच पाण्यावर ठरते. ती रेघ चुकली तर नुकसान पक्ष्यांचं होईल तसं तुमचंही होईल.